डोक्याची दुखापत : रस्त्यापासून घरच्या ओसरीपर्यंत

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वर्षभरातील रुग्णसंख्या, उत्पन्न-खर्च आणि ताळेबंद हे सर्व तक्त्यांच्या स्वरूपात आपल्या हाती आहे. ते पुन्हा वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. मागील सभेत आपल्या एका सहृदय देणगीदारांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र शस्त्रक्रियागृह बांधून देण्याची इच्छा प्रकट केली होती. त्या प्रस्तावाचा विचार करताना या विषयाची सर्व बाजूंनी माहिती विश्वस्तांपुढे ठेवावी, असे अध्यक्षांनी मला सुचविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यक माझा विषय नव्हे. पुढे जे वैद्यकीय म्हणून सांगेन ते आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे, आणि जे हिशेबाचे म्हणून सांगेन त्याची जबाबदारी माझी आहे.

आपल्या जिल्ह्याला डोक्याच्या दुखापतीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणेश विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत असताना भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे सोळा हजार जखमी झाली. किल्लारीचे नाव जगभर गेले. आपल्या सास्तूर परिसराने तितकेच सोसले. त्या भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फुटी दगडी भिंती आणि त्यांवर लाकडी सरे टाकून दरवर्षी मातीचा थर चढवत नेलेले माळवद, हे सारे ओझे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर आणि छातीवर आले. उन्हाळ्यात गारवा देणारी, आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक बांधलेली ती घरे होती. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्या वस्तूच्या आश्रयाने आपण निर्धास्त असतो तिच्यामुळेच बहुधा डोके फुटते, एवढेच या ठिकाणी नमूद करावयाचे आहे.

आज ती वस्तू म्हणजे दुचाकी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. म्हणजे किल्लारीच्या भूकंपाएवढी माणसे आपला देश दर अडीच-तीन आठवड्यांत रस्त्यावर गमावतो. मृतांपैकी जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि ५० हजारांहून अधिक मृतांनी शिरस्त्राण, म्हणजे आपण ज्याला हेल्मेट म्हणतो ते, घातलेले नव्हते. यांतील सर्वांचा मृत्यू डोक्याच्या मारानेच झाला असे म्हणता येणार नाही. पण दुचाकीवरून फेकला गेलेला माणूस प्रथम कशावर आपटतो, हे आमच्या अपघात विभागातील परिचारिकांना विचारावे.

आपल्या जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा, पूर्वी २११ क्रमांकाने ओळखला जाणारा आणि आता ५२ क्रमांकाचा. आणि सोलापूरहून नळदुर्ग, उमरगामार्गे हैदराबादकडे जाणारा, पूर्वीचा ९ आणि आताचा ६५. रस्ते रुंद झाले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु रस्ता शहरांच्या गतीने धावू लागला आणि त्याच्या कडेची गावे आपल्याच गतीने चालत राहिली. शेत या बाजूला, वस्ती त्या बाजूला आणि दुभाजक मध्ये. वळण घेण्यासाठी दोन किलोमीटर पुढे जाण्याऐवजी उलट दिशेने दुचाकी हाकणारा शेतकरी पेट्रोलचे चार पैसे वाचवीत असतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे; रस्त्याची आखणी करताना त्याच्या शेताकडे कोणी पाहिले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या अपघात विभागाचे स्वरूपच बदलते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर झुकलेला ऊस, मागे दिवा नाही, लाल परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली. अंधारात समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपलेला दुचाकीस्वार थेट त्या उसाच्या मोळ्यांत शिरतो. ट्रॉली बंद पडली तर चालक तिच्याभोवती दगड मांडून ठेवतो, दुरुस्ती झाली की निघून जातो आणि दगड तेथेच राहतात. असा दगड पुढच्या रात्री एखाद्याचे आयुष्य बदलून टाकतो. यासाठी कोणत्याही यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. दोन हातांनी दगड उचलून कडेला टाकणे एवढेच पुरेसे असते. अश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला पायी येणाऱ्या भाविकांसाठी प्रशासन वाहतूक वळविते, ही चांगली प्रथा आहे. तशी शिस्त उसाच्या वाहतुकीला वर्षानुवर्षे लागलेली नाही.

रस्त्याबाहेरची कारणेही कमी नाहीत. चिंच झोडपताना फांदी मोडून पडलेला, विहिरीच्या कामावर क्रेनची पाटी डोक्यात पडलेला, उन्हाळ्याच्या रात्री माळवदावर झोपून अर्धवट झोपेत उठताना कठडा नसलेल्या कडेवरून खाली गेलेला, बांधाच्या वादात भावकीच्या काठीचा वा कुऱ्हाडीच्या तुंब्याचा घाव बसलेला, असे रुग्ण येथे नित्य येतात. दुचाकीवर मागे एका अंगाने बसलेल्या भगिनींचा पदर चाकात अडकून त्या मागच्या मागे डोक्यावर पडतात, हा प्रकार तर आपल्याकडे इतका सर्वसामान्य झाला आहे की त्याची बातमीही होत नाही. त्यांना कोणी हेल्मेट देत नाही. घरात हेल्मेट एकच असते आणि ते चालविणाऱ्याचे असते. तेही पुष्कळदा आरशाला टांगलेले.

हेल्मेटच्या उपयुक्ततेविषयी आता वाद उरलेला नाही. १९३५ साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हे प्रसिद्ध सेनानी व लेखक मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. तो मृत्यू त्यांच्या मनाला लागला. मोटारसायकलस्वार सैनिकांच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व आकडेवारीनिशी मांडले. तेथील कायदा मात्र १९७३ साली आला. पुढे जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहिले असता, हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होते, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे उन्हाचे कारण सांगितले जाते. मराठवाड्याच्या उन्हाविषयी मला कोणी शिकवू नये. पण तेच ऊन असताना आपण डोक्याला उपरणे गुंडाळतोच. प्रमाणित नसलेले, हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले अर्धे टोपडे केवळ पोलिसाला दाखविण्यापुरते असते.

चारचाकीत बसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढील आसनांवरील दोघे वाचले. मागे पट्टा न लावता बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मरण पावले. गाडी अत्यंत भारी बनावटीची होती.

आता दुखापतीच्या आत काय घडते ते थोडक्यात सांगतो, कारण नातेवाइकांच्या पुष्कळ प्रश्नांचे उत्तर त्यात आहे. कवटी ही बंद पेटी आहे. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी यांनी ती पूर्ण भरलेली असते. रिकामी जागा जवळपास नसतेच. मार बसतो त्या क्षणी मेंदूची जी हानी होते ती झालीच, ती कोणताही डॉक्टर मागे घेऊ शकत नाही. परंतु खरी झुंज त्यानंतर सुरू होते. आत रक्त साचू लागते, मेंदूला सूज येते, आणि पेटी बंद असल्यामुळे दाब वाढत जाऊन उरलेल्या चांगल्या मेंदूचाही रक्तपुरवठा तुटतो. त्यातच रुग्णाचा श्वास अडला किंवा अन्य जखमेतून रक्त जाऊन रक्तदाब खाली गेला तर ही दुसरी हानी पहिलीपेक्षा घातक ठरते. गंभीर दुखापतीच्या रुग्णांत रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, असे अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून १९९३ साली दाखवून देण्यात आले. म्हणजे रुग्णाचे भवितव्य पुष्कळ अंशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरत नाही. ते रस्त्यावर, जीपमध्ये आणि पहिल्या रुग्णालयाच्या दारात ठरते.

या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे.

बेशुद्ध माणसाला पाणी पाजणे, कांदा किंवा चप्पल हुंगविणे, जखमेत हळद दाबणे, दोघांनी हातपाय धरून मान लोंबकळत ठेवून जीपमध्ये कोंबणे, ही सर्व कामे आपले लोक सद्भावनेने करतात. पाणी श्वासनलिकेत जाते. मानेचा मणका आधीच मोडलेला असेल तर तो पूर्ण निखळतो. त्याऐवजी मान व धड एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकदम उचलावे, उलटी होत असेल तर त्याच रेषेत कुशीवर वळवावे, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. ही शासकीय रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून सुरू आहे.

आणखी एक गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगतो. रस्त्याच्या कडेला पडलेल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास आला की "प्यायलाय, उतरेल सकाळी" असे म्हणून लोक निघून जातात. दारू प्यालेला माणूस पडतो आणि पडलेल्याचे डोके फुटते, हे लक्षात घेतले जात नाही. सकाळी उतरलेली असते ती दारू नव्हे.

मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाची भीती वाटते, ती पूर्वी निराधार नव्हती. वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला, हे प्रकरण पोलिसांचे आहे असे सांगून दूरच्या रुग्णालयात पाठविले गेले आणि तो वाटेत मरण पावला. या वृत्तावरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १९८९ साली न्यायालयाने निकाल दिला की जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, शासकीय असो वा खासगी, प्रथम कर्तव्य आहे; पोलिसांची कागदपत्रे नंतर. २०१६ साली त्याच न्यायालयाने जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे आता नाही आणि त्याला साक्षीदार होण्याची सक्तीही नाही. आपल्या रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावर हा मजकूर मराठीत ठळक लावलेला आहे. तरीही लोक जखमीला ओट्यावर ठेवून निघून जातात. निदान ठेवून जातात, हेही नसे थोडके.

रुग्ण दारात आला की डॉक्टर त्याला तीन गोष्टींत गुण देतात : डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय कसे हलवितो. ही पद्धत स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील टिसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली मांडली. पूर्ण गुण १५, किमान ३. तेरापासून पुढे सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ आणि त्याखाली गंभीर. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिला यंत्र लागत नाही, शिकविलेली परिचारिका पुरेशी असते आणि दर तासाला नोंद ठेवली तर रुग्ण चढत आहे की उतरत आहे हे खतावणीसारखे स्पष्ट दिसते. एकदा घेतलेल्या गुणांपेक्षा ही चढउतार महत्त्वाची. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचणाऱ्या एका प्रकारात रुग्ण शुद्धीवर येतो, नावगाव सांगतो, चहा मागतो आणि दोन-चार तासांत पुन्हा बेशुद्ध होतो. नातेवाईक तेवढ्या वेळात "बरा आहे" म्हणून घरी नेण्याची घाई करतात. हाच प्रकार वेळेत ओळखला तर शस्त्रक्रियेने सर्वांत उत्तम सुधारतो, म्हणून आम्ही त्यांना थांबवितो. त्यांना वाटते, बिल वाढवीत आहेत.

बिलाचा विषय निघालाच म्हणून औषधांविषयीही सांगतो. "सूज उतरण्याचे भारी इंजेक्शन द्या, पैशांची काळजी करू नका," असे म्हणणारे नातेवाईक आजही भेटतात. स्टेरॉइड जातीच्या त्या इंजेक्शनची जगभरातील दहा हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली आणि २००४ साली आढळले की त्याने मृत्यू कमी होत नाहीत, उलट वाढतात. याउलट ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव रोखणारे अगदी स्वस्त औषध, दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास सौम्य आणि मध्यम दुखापतीच्या रुग्णांना उपयोगी पडते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. महाग ते गुणकारी, हा हिशेब येथे चालत नाही.

वृद्धांच्या बाबतीत एक वेगळाच धोका आहे. आजोबा न्हाणीघरात घसरले, टेंगूळ आले, दोन दिवसांत विसरले गेले. महिना-दीड महिन्यानंतर ते अडखळत चालू लागतात, नावे विसरतात, दिवसभर झोपून राहतात. घरातले म्हणतात, वय झाले. प्रत्यक्षात मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलेले असते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता अधिक. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते आणि कवटीला लहान छिद्र पाडून ते काढता येते. काही दिवसांत माणूस पूर्ववत बोलू लागतो. "म्हातारपण" समजून असे किती आजोबा खाटेवरच संपले असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आता परिणामांकडे वळतो. ग्लासगोच्याच जेनेट यांनी बाँड यांच्यासमवेत १९७५ साली परिणामांच्या पाच पायऱ्या ठरविल्या : मृत्यू, जाणीवशून्य जगणे, परावलंबी अपंगत्व, स्वावलंबी अपंगत्व आणि चांगली सुधारणा. आपले वार्षिक अहवाल, आजवरचे, केवळ दोनच रकाने ओळखतात : "मृत" आणि "सुधारून घरी सोडले". मधल्या तीन पायऱ्यांवरची माणसे आपल्या तक्त्यात कोठेच नाहीत. ती गावात आहेत, ओसरीवर खाट टाकून.

ज्यांना पाचवी पायरी लाभली त्यांचेही सर्व ठीक असते असे नाही. एक ट्रॅक्टरचालक चालत घरी गेला. दोन महिन्यांनी त्याची पत्नी एकटीच आली आणि बाकावर बसून म्हणाली, "साहेब, माणूस दिला, पण आमचा नाही दिला." पूर्वी मवाळ असलेला तो गृहस्थ आता ताटे भिरकावतो, मुलांवर हात उगारतो, नंतर रडतो. मेंदूच्या पुढील भागाला मार लागला की स्वभावाचा लगाम सुटतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने देवऋषी केला होता. ढाबा चालविणाऱ्या दुसऱ्या एकाचा वास गेला आणि वासाबरोबर पदार्थाची चवही. आमटी उतू गेलेली कळत नाही आणि गॅस गळला तरी कळत नाही. तिसरा फिटच्या गोळ्या "आता बरा आहे" म्हणून स्वतःच बंद करतो आणि विहिरीच्या काठावर त्याला फिट येते. लवकर थकवा, प्रकाश आणि गोंगाट सहन न होणे, हिशेब न जुळणे या तक्रारी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून गाव त्याला आळशी म्हणते. या रुग्णांपैकी बहुसंख्य कमावते असतात. बियाण्याचे पैसे, मुलीचे शिक्षण, सोसायटीचे कर्ज सर्व त्यांच्याच खांद्यावर असते.

आणि काहींचा मेंदू कायमचा थांबतो. यंत्रावर छाती हलत राहते. अशा वेळी नोंदणीकृत रुग्णालयात चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू ठरविते, अशी १९९४ च्या कायद्याने तरतूद केलेली आहे. त्यानंतर अवयवदानाचा निर्णय सर्वस्वी जवळच्या नातेवाइकांचा. त्यांना कोणीही घाई करू नये आणि अपराधीपणाही वाटू देऊ नये, एवढेच मी म्हणेन.

आता जमाखर्च. शासनाने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नामनिर्देशित रुग्णालयात रोकडरहित उपचार मिळू शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. शिवाय आपल्यासारख्या न्यास रुग्णालयांवर सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१-अअ कलमान्वये दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखण्याचे बंधन आहे. उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग होते. हे सर्व मिळून पहिला आठवडा, फार तर पहिला महिना, निभावतो. परंतु डोक्याच्या दुखापतीचे खाते खऱ्या अर्थाने तिसऱ्या महिन्यात उघडते आणि त्या वेळी कोणतीही योजना, कोणताही निधी, कोणतेही रुग्णालय त्या घराच्या दाराशी नसते. तेव्हा जमीन गहाण पडते.

या पार्श्वभूमीवर शस्त्रक्रियागृहाच्या प्रस्तावाविषयी माझे मत मी देणगीदार महोदयांची क्षमा मागून मांडतो. त्यांचा हेतू थोर आहे आणि इमारत उभी राहीलही. तथापि शस्त्रक्रियागृहाला चोवीस तास मेंदूचे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित कर्मचारी लागतात. सोलापूर आपल्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, लातूर त्याहून थोडे अधिक. तेथे ही व्यवस्था आहे. ती येथे उभी करू गेल्यास भिंतीवर दात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी राहील आणि आत कुलूप. असे कुलूपबंद विभाग मी अन्यत्र पाहिले आहेत.

त्याऐवजी रुग्ण सोलापूरला पोहोचेपर्यंत त्याचा श्वास आणि रक्तदाब टिकविण्याची, आणि तो तेथून परत आल्यावर त्याला पुन्हा माणसांत आणण्याची, अशी दोन टोके आपण धरावीत. पहिल्या टोकासाठी सीटी स्कॅनवर रात्रपाळीचे तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेत वाहून नेता येईल असे श्वसनयंत्र आणि त्यावर प्रशिक्षित परिचारिका हवी. वरच्या रुग्णालयाला स्कॅनची प्रतिमा व रुग्णाचे गुण दूरध्वनीवरून आधीच कळविण्याची पद्धत आमच्या डॉक्टरांनी आपण होऊन सुरू केली आहे. तिला नियमित स्वरूप द्यावयाचे आहे. दुसऱ्या टोकासाठी आठवड्यातून एक दिवसाचा पाठपुरावा विभाग, एक भौतिकोपचारतज्ज्ञ, आणि घरोघर जाऊन चौकशी करणारा एक समाजसेवक. त्या समाजसेवकाने गोळ्या चालू आहेत का ते पाहावे, बायकोला नवऱ्याचा राग समजावून सांगावा, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन जावे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागण्यासाठी प्रथम खबर, जखमेचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिले लागतात. ती पिशवीत भरून माळ्यावर टाकली जातात आणि उंदीर खातात. ही कागदपत्रे रुग्णाला सोडतानाच एका धारिकेत लावून देण्यास मी लेखा विभागाला सांगितले आहे. त्यास वेगळा खर्च नाही.

यातील कोणत्याही बाबीवर पाटी लावण्यासारखी भिंत नाही, याची मला जाणीव आहे. रात्रपाळीचे वेतन दरमहा द्यावे लागते आणि ते दिल्याचे कोणाला दिसत नाही. म्हणून मी असे सुचवितो की शस्त्रक्रियागृहासाठी संकल्पित रक्कम, देणगीदार महोदयांची लेखी संमती मिळाल्यास, कायम निधी म्हणून गुंतवावी आणि तिच्या व्याजातून हा आवर्ती खर्च भागवावा. संकल्पित हेतूत बदल होत असल्याने संमतीपत्राशिवाय ही रक्कम अन्यत्र वळविता येणार नाही, हे मी लेखापरीक्षकांकडून पडताळून घेतले आहे. तसेच पुढील वर्षीपासून अहवालात दोनाऐवजी पाच रकाने असावेत आणि घरी गेलेल्या रुग्णाची स्थिती सहा महिन्यांनी विचारून त्यात भरावी. ते आकडे कदाचित आपल्याला आवडणार नाहीत.

पाठपुरावा विभागासाठी औषध भांडाराची जुनी खोली रिकामी करता येईल. तळमजल्यावर आहे, पायऱ्या नाहीत, चाकाची खुर्ची थेट आत जाते. आवर्ती खर्चाचे अंदाजपत्रक विषयपत्रिकेच्या सहाव्या विषयासोबत जोडलेले आहे. त्यावरील प्रश्नांची उत्तरे देण्यास मी आणि आमच्या मुख्य परिसेविका उपस्थित आहोत. उतरणीच्या दाराशी बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी प्रथम बोलावे, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.